लहान मुलं असलेल्या घरासाठी कुत्रा: नेमकं काय बघून निवडायचा?

गारवेल
घरात ७ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा. कुत्रा आणायचं नक्की झालंय, पण कुठला यावर अडलंय. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि बीगल ही नावं डोक्यात आहेत. मुलीला पिल्लूच हवंय. दिवसभर घरात एक मोठं माणूस असतं आणि फिरवण्यासाठी सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास काढता येईल. तीन प्रश्न आहेत: जात कुठली, पिल्लू घ्यावं की मोठा कुत्रा, आणि बघायला गेल्यावर तो मुलांना सांभाळून घेईल की नाही हे ओळखायचं कसं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊलवाट
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्हींची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

बघायला गेलेली मंडळी 'शांत आहे ना?' एवढंच बघतात. पण शांत दिसणारा कुत्रा दोन प्रकारचा असतो. एक खरोखर निवांत आणि दुसरा भीतीने थिजलेला. निवांत कुत्र्याचं तोंड किंचित उघडं असतं, जीभ सैल असते आणि शेपटीबरोबर कंबरही हलते. थिजलेल्याचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, अंगाचा भार मागच्या पायांवर असतो आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. तो हात लावू देतो, पण आपणहून हाताकडे येत नाही. 'किती गरीब आहे बिचारा' म्हणत असाच कुत्रा मुलांच्या घरात आणला जातो, आणि पंधरा-वीस दिवसांत भीड चेपली की तो गुरगुरायला लागतो.

माझ्या मते सगळ्यात मोलाची कसोटी एकच: दचकल्यावर तो किती वेळात सावरतो. मुलांच्या घरात दिवसभर काही ना काही पडतं, आपटतं, कुणीतरी किंचाळतं. न दचकणारा कुत्रा शोधून सापडणार नाही, सावरणारा सापडतो. त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडू द्या. त्याच्या दिशेने फेकायचा नाही, नुसता हातातून सोडायचा. चांगला कुत्रा एक पाऊल मागे सरतो, कान पाडतो, मग मान लांब करून पुढे येतो, जुडगा हुंगतो आणि पुन्हा तुमच्याकडे वळतो. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत आटपतं. दोन मिनिटांनीही कोपरा न सोडणारा किंवा आवाजावर भुंकत धावून जाणारा कुत्रा लहान मुलांच्या घरात नको. त्याला मुलं नसलेलं, संथ घर मिळालं तर तो तिथे छान राहील.

मग तीन सेकंदांची परीक्षा. छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवा आणि हात पूर्ण मागे घ्या. त्याने अंग टेकवलं किंवा हाताखाली डोकं घातलं तर त्याला आणखी हवंय. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली, अंग झटकलं तर 'पुरे' म्हणतोय. तीन-चार वेळा करून बघा. मुलांच्या घरासाठी असा कुत्रा हवा जो बहुतेक वेळा आणखी मागतो, आणि नको असेल तेव्हा उठून बाजूला जातो. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. उठून जाणाऱ्या कुत्र्यावर चावायची वेळ सहसा येत नाही.

शेवटी हाताळणी: पंजा हातात धरणं, कान उचलणं, शेपटीला हलका स्पर्श. हे मोठ्या माणसाने करायचं, मुलाने नाही. वळून हात हुंगला किंवा चाटला तर ठीक. अंग ताठ झालं, श्वास रोखला गेला तर तिथेच थांबा.

निळी_छत्री
यात भर. जेवणाच्या वेळीही एकदा जाऊन बघा. तो खात असताना तीन-चार हातांवरून सरळ चालत जा, भांड्यात हात घालू नका. तुम्ही जवळून जाताना त्याचा खाण्याचा वेग अचानक वाढला किंवा भांड्यावर मान झुकवून तो गोठल्यासारखा उभा राहिला, तर तो अन्नाची राखण करतो. ही सवय सुधारता येते. पण ३ वर्षांचं मूल हातात बिस्किट घेऊन घरभर फिरत असताना सुधारायला घेऊ नये.

हिरवी_पायरी
पिल्लू की मोठा यावर: तुमच्या घराला दोन-तीन वर्षांचा, आधी मुलांबरोबर राहिलेला कुत्रा मी सुचवेन.

पिल्लाचं नेमकं काय असतं ते सांगतो. आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडायचं नसतं. चावताना जोर किती लावायचा हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. तुमच्याकडे येतं तेव्हा त्याच्या तोंडात सुईसारखे २८ दुधाचे दात असतात. ते पडून ४२ कायमचे दात येईपर्यंत पिल्लू सहा-सात महिन्यांचं होतं आणि तोवर ते दिसेल ते चावतं. ३ वर्षांचं मूल घाबरलं की हात वर करून ओरडत पळतं, आणि पिल्लाला तर पळणारी, किंचाळणारी गोष्ट म्हणजे खेळाचं आमंत्रण. ते पाठलाग करतं, पायजमा पकडतं, टाचेला दात लावतं. यात दोघांचाही दोष नसतो, पण महिनाभरात मूल पिल्लाला घाबरायला लागतं आणि पिल्लाला मुलामागे धावायची सवय जडते.

शिवाय पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. ती मोडली की ते दमलेल्या मुलासारखं सैरभैर होतं आणि जास्त चावतं. 'संध्याकाळी अंगात येतं, आवरत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा अपुऱ्या झोपेची असते. एका वेळी अर्धा-पाऊण तास खेळ आणि मग शांत जागी झोप, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. शू धरून ठेवण्याचा ढोबळ हिशेब म्हणजे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. म्हणजे रात्रीही उठणं आलं.

सांजवेळ
थोडं विरुद्ध मत मांडते. लहानपणापासून मुलांमध्ये वाढलेलं पिल्लू पुढे मुलांना जास्त सरावतं ना? मोठा कुत्रा आधी काय भोगून आला आहे हे कुठे माहीत असतं?

हिरवी_पायरी
पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. पिल्लाचं जगाबद्दलचं मत साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात तयार होतं. या काळात मुलं भेटली तर ती त्याला ओळखीची वाटतात. पण भेट चांगली असावी लागते. याच काळात कुणी शेपूट ओढली, झोपेतून उचललं, अंगावर पडलं, तर 'मुलं म्हणजे त्रास' हेही तितकंच पक्कं बसतं. ३ वर्षांच्या मुलाबरोबर प्रत्येक भेट चांगली ठेवायची तर मोठ्या माणसाने सतत मध्ये बसायला हवं. गारवेल, तुमची मुलगी एकटी असती तर मी पिल्लाला सरळ हो म्हटलं असतं.

दुसऱ्या मुद्द्यासाठी कुत्रा सध्या कुठे राहतो ते बघा. पिंजऱ्यात नुसता ठेवलेला असेल तर त्याच्याबद्दल फार थोडं कळतं. कुणाच्या घरात तात्पुरता सांभाळला जात असेल तर तिथल्या माणसांना नेमके प्रश्न विचारा. मुलं कुठल्या वयाची होती? पाहुणे आले की काय करतो? झोपेतून उठवलं तर? तोंडातली वस्तू काढून घेता येते का? कधी गुरगुरला असेल तर कशावरून? शेवटच्या प्रश्नाला 'कधीच नाही' असं तडकाफडकी उत्तर देणाऱ्यापेक्षा 'नखं कापताना एकदा' असं सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

आणि पिल्लांची 'स्वभाव-चाचणी' सात आठवड्यांची असताना करून कोण कसा निघेल ते सांगतात, त्यावर विसंबू नका. त्या वयातलं वागणं मोठेपणी टिकतंच असं नाही. पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याची आई बघा. परक्या माणसांसमोर आई कशी वागते, त्यावरून जास्त कळतं. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

माचीवरून
आता जातीबद्दल. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. त्यात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे असतो, असं त्यात निघालं. म्हणजे 'लॅब्रॅडॉर आहे, मुलांना काही करणार नाही' हे गृहीत धरण्यात अर्थ नाही. पण आकार, ताकद, केस, आजार आणि काही कामाच्या सवयी मात्र जातीबरोबर येतात. त्याच बघायच्या.

लॅब्रॅडॉर पूर्ण वाढला की साधारण २५ ते ३६ किलोंचा होतो. दीड वर्षाचा असताना अंगाने मोठा आणि डोक्याने पोरसवदा असतो, तेव्हा नुसती आनंदाने वळलेली शेपटीसुद्धा ३ वर्षांच्या मुलाच्या तोंडावर सपकन बसते. शिवाय भूक. साधारण एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भूक लागते. मुलाच्या हातातला खाऊ नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. म्हणून लॅब घेतलात तर मुलांनी टेबलाशी बसूनच खायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून. वजनावरही लक्ष लागतं: बरगड्यांवर तळहात फिरवला की त्या हाताला लागायला हव्यात.

गोल्डन रिट्रीव्हर अंगाने थोडा हलका असतो, पण केसांची निगा जास्त लागते. कानामागे आणि मागच्या मांड्यांवर गुंता होतो. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरायची तयारी ठेवा. लॅब आणि गोल्डन दोन्हींत खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष आढळतो. पिल्लाच्या आई-बापांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे झालेत का ते विचारा, आणि कागद बघा.

बीगल ९ ते ११ किलोंचा असतो. आटोपशीर, अंगाने दणकट, मुलांच्या धसमुसळेपणाला पुरून उरणारा. अडचण नाकाची. वास लागला की हाक ऐकू येत नाही, म्हणून मोकळ्या जागी पट्टा सोडायचा नाही. आवाजही लांबवर जाणारा असतो, भिंतीला भिंत लागून शेजार असेल तर विचार करा.

कळप राखणाऱ्या जाती, म्हणजे बॉर्डर कॉली आणि तत्सम, धावणाऱ्या मुलांना गोळा करू बघतात आणि टाचेला दात लावतात. तो त्यांचा पिढीजात धंदा आहे, रागावल्याने सुटत नाही. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्याचं हाड काडीसारखं असतं. मुलाच्या हातातून सोफ्यावरून पडला तरी पाय मोडू शकतो. दुखायची भीती मनात बसली की तो आधीच दात दाखवायला शिकतो. डॅक्सहुंडची पाठ लांब असल्याने मणक्याची चकती सरकण्याचा धोका मोठा. त्याला काखेत धरून उचलणारी मुलं घरात असतील तर नको. पग आणि इतर चपट्या तोंडाचे कुत्रे स्वभावाने गोड असतात, पण उकाड्यात धावले की श्वास अपुरा पडतो. मूल खेळ थांबवत नाही आणि कुत्राही मागे राहत नाही, हा धोका मी फार गंभीर समजतो.

मिश्र जातीचा मध्यम आकाराचा, १२ ते २० किलोंचा, वयाने मोठा कुत्रा तुमच्या यादीत का नाही? पाऊलवाट यांच्या कसोट्यांना उतरला तर तुमच्या घरासाठी तो मला सगळ्यांत आधी आठवतो.

कवडसा
मुलाला ॲलर्जीचा त्रास असेल तर काय? केस न गळणारी जात चालेल का?

माचीवरून
केसांनी ॲलर्जी होत नाही. ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. मुख्य प्रथिनाचं नाव 'कॅन एफ १', आणि ते सगळ्याच जातींत असतं. 'ॲलर्जी न करणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरात ते कमी असल्याचं मोजमापात दिसलेलं नाही. एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. 'कॅन एफ ५' हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. ज्याला फक्त त्याचीच ॲलर्जी आहे त्याला मादी चालू शकते. हे रक्ततपासणीत कळतं, डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. तपासणी झाली तरी आणायच्या आधी त्याच कुत्र्याबरोबर मुलाला तीन-चार वेळा, दर वेळी तासभर, बंद खोलीत बसवा. एका भेटीत काही झालं नाही म्हणून हुरळून जाऊ नका.

निळी_छत्री
आरोग्याचं थोडक्यात. पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. इतके डोस का, तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते आणि ती प्रत्येक पिल्लात केव्हा ओसरेल ते सांगता येत नाही. म्हणून 'दोन झाले, बास' म्हणून शेवटचा डोस सोडू नका. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर.

जंतांकडे मुलांच्या घरात फार दुर्लक्ष होतं. पिल्लाला आईकडूनच गोल जंत येतात, त्यामुळे दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध आणि दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. ताज्या विष्ठेतली या जंतांची अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत दोन-एक आठवडे राहिली की बाधतात. म्हणूनच अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचलायची, आणि मुलं खेळतात ती वाळू झाकून ठेवायची.

चेंडू कुत्र्याच्या जबड्यापेक्षा मोठा हवा. मोठ्या कुत्र्याच्या घशात टेनिसचा चेंडूही अडकू शकतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम मुलांच्या हातून त्याच्या तोंडात जाणार नाही हे बघा. आणि दात लागून कातडी फुटली तर, कुत्रा घरचा असो की बाहेरचा, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि मग तडक डॉक्टरकडे.

गारवेल
खूपच उपयोगी! यादीत मिश्र जातीचा मोठा कुत्रा घेतला. मुलीला पिल्लाबद्दल समजावते. दोन प्रश्न उरले: धाकट्याला कुत्र्याचे इशारे कसे शिकवायचे, आणि पहिल्या दिवशी काय करायचं?

पाऊलवाट
धाकट्याला इशारे शिकवण्यावर भिस्त ठेवू नका. या वयाच्या मुलांना दात विचकणारा कुत्रा हसतोय असं वाटतं. हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि मूल चेहरा कुत्र्याच्या चेहऱ्याजवळ नेतं ते नेमकं तेव्हाच. लहान मुलांना होणारे चावे बरेचदा तोंडावर आणि मानेवर असतात, आणि बहुतेक वेळा कुत्रा ओळखीचा असतो. म्हणून ३ वर्षांच्या मुलासाठी दोनच गोष्टी. खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, आणि त्याला हवंसं वाटलं तर तो आपल्याकडे येईल, आपण त्याच्याकडे जायचं नाही. बाकी सगळं मोठ्यांवर. त्याच खोलीत मोबाइल बघत बसणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही. हात पोचेल इतक्या अंतरावर बसा, नाहीतर मध्ये लहान मुलांचं फाटक लावा.

मुलीला मात्र शिकवा. तीन सेकंदांची परीक्षा ती सहज करेल. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर झाडासारखं उभं राहायचं: हात पोटाशी दुमडलेले, नजर स्वतःच्या पायांवर. खाली पडलीच तर गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हायचं आणि मुठींनी कान व मान झाकायची. हे घरात खेळ म्हणून आठ-दहा वेळा करून घ्या, नुसतं सांगून अंगात मुरत नाही.

आणि कुत्रा गुरगुरला तर त्याला ओरडू किंवा मारू नका. हे फार तळमळीने सांगते. मान वळवणं, ओठ चाटणं, गोठणं, मग गुरगुरणं आणि मग चावा, अशी ती चढण असते. गुरगुरण्याला मार मिळाला की तो तेवढी पायरी गाळतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. गुरगुरला की मुलाला आवाज न करता बाजूला घ्या, कशावरून झालं ते लिहून ठेवा आणि वागणुकीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवा. तत्पूर्वी व्हेटकडे न्या, कारण कान किंवा सांधा दुखत असला तरी गरीब कुत्रा गुरगुरतो.

हिरवी_पायरी
पहिल्या दिवसाचं. कुत्रा येण्याआधी फाटकामागे त्याची जागा तयार ठेवा: गादी, पाणी, चावायचं खेळणं. ही जागा मुलांना कायमची बंद. पहिली भेट घराबाहेर, चालता चालता होऊ द्या. मोठा माणूस कुत्र्याला धरून चालेल, मुलं शेजारी दहा-बारा पावलांवर, आणि तो स्वतः हुंगायला वळला तर अंतर कमी करा. समोरासमोर उभं करून 'हात लाव, हात लाव' करू नका. पाहुणे आणि शेजारपाजार पहिला आठवडा नको.

तीन दिवस तो बावरलेला असेल, कमी खाईल. तीन आठवड्यांत घरची वेळ कळते आणि खरा स्वभाव दिसायला लागतो. पूर्ण रुळायला तीन महिने धरा. तिसऱ्या दिवशी 'किती समजूतदार आहे' म्हणून फाटक काढून टाकलं जातं, ते किमान तीन महिने राहू द्या.

फिरवताना मुलीला धरायला वेगळा पट्टा द्या. कुत्र्याच्या छातीच्या हार्नेसला दोन पट्टे: जाड पट्टा मोठ्याच्या हातात, आणि हलका तिच्या. मनगटाला गुंडाळू द्यायचा नाही, नुसता मुठीत. मोठ्याच्या हातातला पट्टा जरा आखूड ठेवा, म्हणजे कुत्रा ओढला तरी झटका तुम्हाला बसेल आणि तिच्या हातातला सैलच राहील.

सांजवेळ
एक जोड: आणण्याआधी देणाऱ्यांशी परतीचं लेखी ठरवा. निदान तीन महिन्यांची मुदत, आणि जमलं नाही तर त्यांनी परत घ्यायचा. तेवढीही तयारी नसेल तर दुसरीकडे बघा.

गारवेल
ठरलं. या आठवड्यात दोन ठिकाणी बघायला जातोय. आधी आम्ही दोघंच, जुडगा घेऊन. मुलं दुसऱ्या भेटीला.

पाऊलवाट
उत्तम. दुसऱ्या भेटीला मुलं जेवून, झोपून ताजी असताना न्या, आणि शक्य झालं तर त्याच कुत्र्याला तिसऱ्यांदा वेगळ्या वेळी भेटा. आदल्या दोन भेटी सकाळी झाल्या असतील तर ही संध्याकाळी. दमलेला असताना तो मुलांशी कसा वागतो, ते तेव्हाच दिसेल.